जुन्या हेडफोनच्या जागी नवा: नातेवाइकासाठी बेताच्या खर्चात निवड कशी करावी

गेल्या दिवाळीत वाईच्या आत्याला मी बिनवायरीचे इअरबड्स भेट दिले. तिचा जुना वायरवाला हेडफोन एका कानाने बंद पडला होता आणि मला वाटले, एवीतेवी नवा घ्यायचाच आहे तर चांगला, आजच्या काळातला घ्यावा. महिन्याभराने तिच्याकडे गेलो तेव्हा त्या इअरबड्सची डबी देवघराशेजारच्या कपाटात होती तशीच होती आणि आत्या तोच जुना हेडफोन, वायर एका ठरावीक कोनात वाकवून व तिथे रबरबँड गुंडाळून, वापरत होती. "छान आहेत रे, पण ह्यांच्यावर माझा रेडिओ लागत नाही," ती म्हणाली. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तिच्या साध्या मोबाइलमधील एफएम रेडिओला हेडफोनची वायर हीच अँटेना होती; वायर गेली की रेडिओ गेला. चूक सर्वस्वी माझी होती, कारण खरेदीपूर्वी मी वेगवेगळ्या वस्तूंची तुलना दोन तास केली होती, पण तिचा जुना हेडफोन दोन मिनिटेही हातात घेऊन पाहिला नव्हता.

बदली हेडफोन घेणे आणि पहिल्यांदा हेडफोन घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. बदलीच्या वेळी त्या व्यक्तीची सवय आधीच ठरलेली असते: केव्हा ऐकायचे, कशावर ऐकायचे, कुठे बसून ऐकायचे, बटण कोणत्या बाजूला चाचपायचे. जुन्या हेडफोनमध्ये या सगळ्याची नोंद असते आणि ती वाचता आली तर निम्मी निवड आपोआप होते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी खात्री करा: हेडफोन खरोखर बिघडला आहे का?

एका कानात आवाज येत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. तो हेडफोन दुसऱ्या फोनला लावून पाहावा. तिथे दोन्ही बाजूंनी नीट आवाज आला तर दोष फोनमध्ये आहे. फोनच्या गोल खाचेत खिशातील लोकर, पिठाचे कण, तपकीर असा काहीही ऐवज साचलेला असतो आणि त्यामुळे पिन पूर्ण आत बसत नाही. फोन बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने तो हलकेच काढता येतो. टाचणी किंवा सुई मात्र वापरू नये, कारण तिने आतील पातळ पट्ट्या वाकतात. खाच स्वच्छ असेल तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या भागात डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल ठरवणारी सरकपट्टी पाहावी. ती चुकून एका टोकाला सरकलेली असणे दुर्मीळ नाही, विशेषतः घरात फोनशी खेळणारी नातवंडे असतील तर.

आवाज बंद नसून फक्त क्षीण झाला असेल तर कानात जाणाऱ्या इअरफोनच्या जाळीवर मळ जमलेला असण्याची शक्यता मोठी असते. रबरी टोपी काढून, जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडल्यास बऱ्याचदा आवाज पूर्ववत होतो. कानावर बसणाऱ्या हेडफोनच्या गादीची काळी साल सुटून कानाला, केसांना चिकटू लागली असेल, तर फक्त गाद्या बदलून भागते. गादीचा व्यास मोजून तशा सुट्या गाद्या मागवता येतात आणि त्यांचा खर्च नव्या हेडफोनच्या तुलनेत किरकोळ असतो.

वायर पिनेजवळ तुटली असेल, म्हणजे ती वाकवल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नवी पिन डाखून मिळते. चांगल्या, दणकट हेडफोनसाठी हे जरूर करावे. दोन-चारशे रुपयांच्या इअरफोनसाठी मी ते करणार नाही; त्याची वायर केसासारखी बारीक असते, डाख फार काळ टिकत नाही आणि तीन महिन्यांनी पुन्हा रबरबँड येतो.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पडताळून पाहावी. दोन-तीन वेगवेगळे हेडफोन लावूनही त्या व्यक्तीला एकाच बाजूने कमी ऐकू येत असेल, तर प्रश्न हेडफोनचा नाही. एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जावे. अशा बहिरेपणावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितका गुण येण्याचा संभव अधिक असतो.

जुना हेडफोन वाचा

हेडफोन बाद झाला हे ठरल्यावर तो फेकण्याआधी समोर ठेवून काही नोंदी कराव्यात. नातेवाईक दुसऱ्या गावी असतील तर घरातील कोणाला तरी पिनेचा, वायरीचा आणि कानाच्या भागाचा असे तीन फोटो पाठवायला सांगावे.

पिनेवर काळ्या रेघा किती आहेत ते मोजावे. साडेतीन मिलिमीटरच्या गोल पिनेवर दोन रेघा असतील तर तो फक्त ऐकण्याचा हेडफोन आहे. तीन असतील तर त्यात माइकही आहे. माइक असूनही तो कधी वापरला जातो का, हे विचारून घ्यावे, कारण फक्त नाट्यगीते आणि कीर्तने ऐकणाऱ्या माणसासाठी चांगल्या माइकचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. उलट परदेशातील मुलाशी रोज रात्री व्हिडिओ कॉल करणाऱ्या आजींसाठी माइक हीच पहिली कसोटी ठरते.

झीज कुठे झाली आहे, ते पाहण्यासारखे असते. पिनेजवळ वायर तुटली असेल तर फोन खिशात किंवा कमरेला ठेवून चालण्याची सवय आहे; त्यांना काटकोनात वळलेली पिन अधिक टिकेल. वायरीवर मध्येच चिकटपट्टी असेल तर ती खुर्चीच्या किंवा पलंगाच्या पायाखाली येते. म्हणजे वायर जास्त लांब आहे किंवा अंतर जास्त आहे. दोनपैकी एकाच बाजूचे रबर झिजले असेल तर ती व्यक्ती एकाच कानात घालून ऐकते, आणि दुसरा कान दाराच्या घंटीसाठी, कुकरच्या शिट्टीसाठी मोकळा ठेवते. अशा व्यक्तीला बाहेरचा आवाज बंद करणारा महागडा हेडफोन देणे म्हणजे तिच्या गैरसोयीवर पैसे खर्च करणे होय. पट्टीवरील सरकणारे भाग कोणत्या खुणेवर स्थिर आहेत त्यावरून डोक्याचे माप कळते. वायरीवरील आवाजाचे चाक गुळगुळीत झाले असेल, तर नव्या हेडफोनवरही आवाज कमी-जास्त करण्याची सोय हवीच.

कशाला जोडायचा आहे?

माझ्या मते संपूर्ण खरेदीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि भेटवस्तू घेणारे बहुतेक जण तो विचारत नाहीत.

साधा बटणांचा मोबाइल असेल आणि त्यावर आकाशवाणी ऐकली जात असेल, तर वायरवालाच इअरफोन घ्यावा. एफएम असलेल्या बहुतेक मोबाइलमध्ये वायर हीच अँटेना असते. काही साध्या फोनमध्ये आत अँटेना दिलेली असते, पण ते हेडफोन काढून रेडिओ लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

स्मार्टफोन असेल तर त्याला गोल खाच आहे का, ते आधी पाहावे. नसेल तर वायरवाला हेडफोन चार्जिंगच्या खाचेत लावावा लागतो आणि इथे एक सापळा आहे. यूएसबी-सीपासून गोल पिनेपर्यंत नेणारे जोडतुकडे दोन प्रकारचे मिळतात. एका प्रकारात अंकीय संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, जोडतुकड्यातच असते. दुसऱ्यात ती नसते आणि ते काम फोनने करावे अशी अपेक्षा असते. अनेक फोन ते करत नाहीत, त्यामुळे स्वस्तातला चिपविरहित तुकडा एका फोनवर चालतो आणि दुसऱ्यावर मुका राहतो. वेष्टनावर डॅक असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेला किंवा फोनच्या कंपनीचाच जोडतुकडा घ्यावा. आयफोनमध्ये २०१६ च्या आयफोन ७ पासून गोल खाच नाही. २०२३ च्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी आहे आणि त्यापूर्वीच्या फोनमध्ये लायटनिंग नावाची वेगळी खाच आहे, म्हणून "आयफोन आहे" एवढे ऐकून जोडतुकडा घेऊ नये. चार्जिंगच्या खाचेत हेडफोन लावला की त्याच वेळी फोन चार्ज करता येत नाही. रात्री चार्जिंगला लावून अंथरुणात ऐकणाऱ्यांची त्याने अडचण होते.

टीव्हीसाठी हेडफोन हवा असेल तर काम थोडे किचकट होते. एकाला झोप लवकर लागते आणि दुसऱ्याला मालिका पाहायची असते, अशा घरांतून ही मागणी हमखास येते. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला गोल खाच असल्यास वायरवाला हेडफोन हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे. मात्र नेहमीच्या हेडफोनची वायर साधारण १.२ मीटर असते आणि पलंग टीव्हीपासून तीन मीटरवर असतो. त्यासाठी जोडवायर मिळते, किंवा मुळातच लांब वायर असलेला हेडफोन घेता येतो. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम२०एक्स या स्टुडिओसाठी बनवलेल्या हेडफोनची वायर तीन मीटर आहे. फोनवर ती पायात पायात येईल, पण टीव्हीसाठी ती नेमकी पुरते. सेट-टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या खाचांतून वायर काढून हेडफोन जोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो मी देणार नाही. ती जोडणी अ‍ॅम्प्लिफायरसाठी असते, हेडफोनला ती पुरेसा जोर देत नाही.

आणखी एक बारकावा: टीव्हीला हेडफोनची पिन लावली की बहुतेक वेळा टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. घरातील एकाला ऐकायला कमी येते म्हणून हेडफोन घेतला आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्याला काहीच ऐकू येईनासे झाले, अशी वेळ येऊ नये. दोन्हीकडे एकाच वेळी आवाज देण्याची सोय काही टीव्हींच्या ध्वनी सेटिंगमध्ये असते. खरेदीपूर्वी ती शोधून ठेवावी.

टीव्हीला ब्लूटूथ आहे म्हणून ब्लूटूथ हेडफोन घेण्याआधी तो एकदा जोडून पाहावा. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण दशांश ते पाव सेकंद उशिरा पोहोचतो. फोनवरील बहुतेक व्हिडिओ अ‍ॅप चित्र तेवढेच थांबवून हा फरक झाकतात, पण टीव्हीवर, विशेषतः सेट-टॉप बॉक्समधून येणाऱ्या वाहिन्यांवर, ते नेहमी साधत नाही. मग ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो. तरुण डोळे-कान त्याला सरावतात. कमी ऐकू येणारी माणसे मात्र नकळत ओठांच्या हालचालींचा आधार घेऊन बोलणे समजून घेत असतात आणि तोच आधार निसटल्याने त्यांना हेडफोन असूनही कळत नाही.

जुन्या संगणकाला ऐकण्याची हिरवी आणि माइकची गुलाबी अशा दोन खाचा असतील तर तीन रेघांच्या पिनेसाठी दोन फाटे करणारी छोटी वायर लागते. कीबोर्डसारख्या वाद्याच्या रियाजासाठी हेडफोन हवा असल्यास तिथे बहुधा जाडी पिन, म्हणजे ६.३ मिलिमीटरची, लागते. तिचा जोडतुकडा सोबत मिळतो का ते पाहावे.

कान, चष्मा, कुड्या आणि अंबाडा

हेडफोनचा आवाज कसा आहे यापेक्षा तो अर्ध्या तासाने कसा वाटतो यावर तो वापरला जाईल की नाही हे ठरते. कानावर टेकणारे लहान हेडफोन चष्म्याची काडी कानाच्या मागे दाबतात. कुड्या किंवा टॉप्स घालणाऱ्या स्त्रियांना त्यांचा मळसूत्राचा फिरकीचा भाग मानेकडे टोचतो, आणि झुबे-वेलांचा तर प्रश्नच नाही. कान पूर्ण आत घेणाऱ्या मोठ्या वाटीच्या हेडफोनमध्ये हा त्रास कमी असतो, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याच वाटीत घाम साचतो. डोक्यावरील पट्टी अंबाड्यावर अडते; त्या वेळी पट्टी पुढे सरकवून घालता येते का ते पाहावे लागते. नेकबँडची, म्हणजे मानेभोवती बसणाऱ्या ब्लूटूथ इअरफोनची, वायर गळ्यातील मंगळसूत्रात, साखळीत आणि पदरात अडकते. हे सगळे ऐकायला किरकोळ वाटते, पण हेडफोन कपाटात जाऊन पडण्याची कारणे बहुतेक याच यादीतली असतात.

वजनाचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे देतो. सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० हा कानावर बसणारा वायरवाला हेडफोन सुमारे १२० ग्रॅमचा आहे, तर वर उल्लेखलेला एम२०एक्स वायर सोडून सुमारे १९० ग्रॅमचा. मान दुखणाऱ्या, स्पाँडिलायटिस असलेल्या व्यक्तीला हा सत्तर ग्रॅमचा फरक तासाभराच्या मालिकेत जाणवतो.

कानात घालायच्या इअरफोनमध्ये दोन घाट असतात: रबरी टोपीचे, जे कानाच्या नळीत शिरतात, आणि कडक प्लॅस्टिकचे, जे बाहेरच्या खोलगट भागात टेकतात. ज्यांनी आयुष्यभर दुसरा प्रकार वापरला त्यांना पहिला बहुधा रुचत नाही. कान बंद झाल्यासारखा वाटतो, स्वतःचे चावणे आणि पावलांचे आवाज घुमतात. रबरी टोपीचे घ्यायचेच असतील तर लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही मापांच्या टोप्या सोबत असाव्यात. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा नुकतीच कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कानात जाणारे काहीही देऊ नये.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी विचार निराळा करावा लागतो. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक वरच्या बाजूला असतो आणि मोठ्या वाटीचा हेडफोन त्यावर नीट बसला तर चालतो. वाटी फार घट्ट असली की यंत्र शिट्टी मारू लागते. अनेक नवी श्रवणयंत्रे फोनला ब्लूटूथने थेट जोडली जातात, त्यामुळे हेडफोनची गरजच उरत नाही. यंत्र ज्यांनी बसवून दिले त्यांना हा एक प्रश्न विचारला तर कदाचित तुमचे पैसे वाचतील.

पेसमेकर असलेल्या व्यक्तीबद्दल मात्र मी ठामपणे सांगेन: नेकबँड देऊ नका. हेडफोनच्या प्रत्येक कानात चुंबक असते आणि नेकबँडची दोन टोके एकमेकांना चिकटावीत म्हणून बहुधा तिथे आणखी चुंबक बसवलेले असते. वापर संपल्यावर ही टोके नेमकी छातीवर, पेसमेकर बसवलेल्या जागेजवळ लोंबतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना अशी आहे की चुंबक असलेली इलेक्ट्रॉनिक साधने, मोबाइल व स्मार्ट घड्याळे, शरीरात बसवलेल्या अशा यंत्रापासून किमान सहा इंच, म्हणजे सुमारे पंधरा सेंटीमीटर, दूर ठेवावीत. कानात किंवा कानावर असलेला हेडफोन त्या अंतराबाहेर राहतो. वापर झाल्यावर तो गळ्यात अडकवू नये आणि शर्टाच्या खिशात ठेवू नये, एवढे त्यांना समजावून सांगावे.

आता प्रकार आणि किंमत

इथवर आल्यावर प्रकार जवळपास ठरलेलाच असतो. किमती सणासुदीला खाली-वर होतात. तरी साधारण अंदाज असा की माहितीतल्या कंपनीचा माइकसह वायरवाला इअरफोन चारशे ते हजार रुपयांत, कानावर बसणारा वायरवाला हेडफोन हजाराच्या आसपास, बरा नेकबँड हजार ते दोन हजारांत आणि डोक्यावरून घ्यायचा बरा ब्लूटूथ हेडफोन अडीच ते साडेचार हजारांत मिळू शकतो.

जुना वायरवाला असेल आणि फोनला गोल खाच असेल, तर वायरवालाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला चार्जिंग लागत नाही, जोडणी तुटत नाही, आणि तो काढला की फोनचा आवाज आपोआप फोनमधूनच येतो. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ब्लूटूथ हेडफोन चालू राहून कपाटात पडलेला असतो, फोन आला की आवाज त्या कपाटात जातो आणि वडीलधारी माणसे "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून देतात. मग मुलांना वाटते, फोन बिघडला.

वायरीचा खरोखर त्रास होत असेल, हात थरथरतात म्हणून पिन लावता येत नसेल, किंवा फोनला खाचच नसेल, तर ब्लूटूथकडे वळावे. त्यातही इअरबड्सचा क्रम मी शेवटी लावतो: दोन लहान तुकडे आणि एक डबी, तिन्हींची चार्जिंग, आणि एक हरवला की सगळेच गेले. नेकबँड गळ्यात राहतो, त्यामुळे हरवत नाही. डोक्यावरून घ्यायच्या हेडफोनमध्ये बॅटरी मोठी असते. सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच५२० ची बॅटरी कंपनीच्या दाव्यानुसार पन्नास तासांपर्यंत, तर जेबीएलच्या ट्यून ५१०बीटीची चाळीस तासांपर्यंत चालते. रोज दोन तास ऐकणाऱ्याला म्हणजे आठवड्यातून एकदा, समजा दर रविवारी, चार्जिंगला लावले तरी पुरते. चार्जिंगची खाच त्यांच्या फोनसारखीच असावी. एका घरात दोन प्रकारच्या चार्जिंग वायरी आल्या की त्यांतली चुकीची वायर जोर लावून घुसवली जाते.

लहान भाच्यासाठी घेत असाल तर आवाजाची कमाल मर्यादा ८५ डेसिबलला बांधलेले, मुलांसाठीचे हेडफोन पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची शिफारस आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबलपर्यंत, तर मुलांसाठी तेवढ्याच वेळेला ७५ डेसिबल अशी आहे, म्हणून मर्यादा बांधलेली असली तरी वेळेवर लक्ष ठेवावेच लागते.

खोक्यावर काय वाचावे

२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो आणि त्यावरून काहीही कळत नाही. ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा, आकार मिलिमीटरमध्ये मोठा म्हणजे आवाज चांगला, हेही खरे नाही. "एक्स्ट्रा बास" असे लिहिलेले मॉडेल ज्येष्ठांसाठी टाळावे. वयानुसार आधी उंच पट्टीतले ध्वनी ऐकू येणे कमी होते. स, श, फ, त यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात आणि त्यांच्यावरच शब्द ओळखू येतात. ढोलकीचा घुमारा वाढवणारा हेडफोन त्यांना "आवाज मोठा आहे, पण बोलणे कळत नाही" असा अनुभव देतो.

दोन आकडे मात्र पाहावेत. इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) १६ ते ३२ ओहमच्या आसपास आणि संवेदनशीलता (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज येतो ते माप) शंभर डेसिबलच्या जवळपास असली, तर साध्या मोबाइलवरही पुरेसा आवाज मिळतो. एएनसी आणि ईएनसी ही अक्षरे सारखी दिसतात, पण पहिली सोय ऐकणाऱ्याच्या कानातला बाहेरचा गोंगाट कमी करते आणि दुसरी माइकमध्ये शिरणारा. दुकानात "नॉइज कॅन्सलेशन आहे" असे सांगितले जाते तेव्हा बऱ्याचदा दुसरी अभिप्रेत असते.

अस्सल माल, बिल आणि परतीची मुदत

भारतात विकल्या जाणाऱ्या बिनवायरी हेडफोन-इअरफोनना भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. वस्तूवर किंवा खोक्यावर मानकचिन्हाजवळ "आर" या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या "बीआयएस केअर" या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते. खोक्यावरील नाव आणि तिथले नाव जुळत नसेल तर वस्तू परत ठेवावी. त्याखेरीज कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठीचा क्रमांक खोक्यावर छापलेला असणे बंधनकारक आहे.

ऑनलाइन खरेदीत परतीची अट आधी वाचावी, कारण कानात जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत आरोग्याच्या कारणास्तव फक्त बदली मिळते, पैसे परत मिळत नाहीत, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. भेट म्हणून महिनाभर आधी घेऊन ठेवली तर परतीची मुदत खोके उघडण्यापूर्वीच संपते, आणि वॉरंटीही बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, दिल्याच्या तारखेपासून नाही. म्हणून सणाच्या चार-पाच दिवस आधी घ्यावी, स्वतः उघडून तपासावी आणि मग पुन्हा बांधावी. नातेवाईक लहान गावात असतील तर त्यांच्या जवळचे सेवा केंद्र कुठे आहे ते कंपनीच्या यादीत पाहावे. नसल्यास त्यांच्याच गावातील ओळखीच्या दुकानातून दोनशे रुपये जास्त देऊन घेतलेले परवडते, कारण बिघाड झाल्यावर ते दुकानात नेऊन दाखवू शकतात. बिलाचा फोटो काढून स्वतःकडे ठेवावा. उन्हाळ्यात कागदी बिलावरची अक्षरे उडून जातात. दुकानदाराने वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

देण्याआधी आणि दिल्यानंतर

तपासणीसाठी एखादे परिचित गाणे डाव्या-उजव्या दोन्ही कानांनी ऐकावे, मग कोणाला तरी फोन करून माइकवरून आपला आवाज कसा जातो ते विचारावे, शक्य असल्यास पंखा चालू ठेवून. ब्लूटूथ असेल तर तपासणी झाल्यावर आपल्या फोनमधील जोडणी पुसून टाकावी. ती राहिली तर पुढच्या भेटीत त्यांचा हेडफोन परस्पर आपल्याच फोनला जोडला जातो.

डावा-उजवा ओळखण्यासाठीची अक्षरे हल्ली काळ्यावर काळी, जेमतेम दिसतील अशी कोरलेली असतात. उजव्या बाजूला लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावावा. लाल म्हणजे उजवा हा संकेत ध्वनियंत्रांमध्ये जुनाच आहे. चालू-बंदचे बटण कोणते, ते स्पर्शाने कळावे म्हणून त्यावरही एक ठिपका वाळू द्यावा. आवाज फोनवरून निम्म्यापेक्षा थोडा खाली लावून मगच त्यांच्या कानाला द्यावा. नव्या हेडफोनचा आवाज जुन्यापेक्षा बराच मोठा असू शकतो आणि पहिल्याच क्षणी माणूस दचकला तर तो त्याला पुन्हा हात लावत नाही.

जोडून दाखवताना आपण भरभर करून दाखवू नये, त्यांच्याच हातून करून घ्यावे: लावणे, एक गाणे सुरू करणे, एक फोन घेणे, काढून ठेवणे. ब्लूटूथ असेल तर "काढला की बंद करायचा" ही एकच गोष्ट दोनदा करून घ्यावी. जुना हेडफोन लगेच उचलून नेऊ नये. आठ दिवस तो तिथेच असू द्यावा. नंतर तो, आणि विशेषतः त्यात बॅटरी असेल तर, घंटागाडीत न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावा.

परतीची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी फोन करून "आवडला का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर "हो, छान आहे" असेच येते. काल किती वेळ लावला होतास, कुठे दुखतो का, आणि जुना आत्ता कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. आत्यासाठी दुसऱ्या खेपेला मी कडक प्लॅस्टिकच्या घाटाचा, आवाजाचे चाक असलेला वायरवाला इअरफोन घेतला, साडेचारशे रुपयांचा. तिसऱ्या प्रश्नाचे तिचे उत्तर होते, "कुठला जुना?"